भेंडाने सांगितलेले गुपित

दक्षिण भारतातील फुंकनळी हे दिसायला अगदी साधे हत्यार. आपल्या चुलीपुढच्या फुंकणीची लांब, सडपातळ बहीण म्हणावी अशी ती पोकळ नळी. एका टोकातून बाण आत सारायचा, तोंड लावायचे, छातीत श्वास भरून घ्यायचा आणि एकच सणसणीत फुंकर मारायची. १८२३ च्या सुमारास ब्रिटिश फौजेच्या ३४व्या पायदळ पलटणीतील कॅप्टन जॉन नॉर्टन यांनी अशा फुंकनळीचा एक बाण बारकाईने निरखला. नळीपेक्षा बाण बारीक, मग फुंकर त्याच्या अंगावरून निसटून का जात नाही?

बाणाच्या बुडाशी कमळाच्या देठातले लवचिक भेंड बसवलेले होते. हवेचा रेटा येताच हे भेंड पसरे, नळीच्या आतल्या भिंतीला चहूबाजूंनी चिकटून बसे आणि फुंकरीचा कणही वाया जाऊ देत नसे. आत सारताना सैल आणि बाहेर सुटताना घट्ट! लग्नातल्या बाशिंगासाठी आपण जे हलकेफुलके भेंड कोरतो, त्याच्या या भावंडाने एका लष्करी माणसाच्या डोक्यात वीज चमकवली. कारण सैल आणि घट्ट यांचे हेच कोडे युरोपातील बंदूक बनवणाऱ्यांना तीनशे वर्षे छळत होते.

ते कोडे समजून घ्यायचे तर ठासणीच्या बंदुकीकडे वळले पाहिजे. कोकणातल्या जुन्या घरांत अशी बंदूक पाहिलेले लोक आजही भेटतात. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग गोळी सोडायची आणि गजाने ठासायचे. नळी आतून गुळगुळीत असेल तर गोळी सैल ठेवता येते. ती झटकन आत जाते, पण सुटताना नळीच्या भिंतींवर ठेचकाळत जाते आणि शंभर पावलांपलीकडे कुठे जाईल याचा भरवसा नसतो. नळीच्या आत पेचदार आटे पाडले, तर गोळी भोवऱ्यासारखी गरगरत, सरळ रेषेत दूरवर जाते. हेच ते रायफलिंग, आणि ही युक्ती सोळाव्या शतकापासून माहीत होती. अडचण एवढीच की गोळी आट्यांत रुतली तरच ती फिरते, आणि रुतणारी गोळी तोंडाकडून आत न्यायची तर ती हातोडीने ठोकावी लागते.

त्यातून ती काळी दारू! सोरा, गंधक आणि कोळसा यांचे हे मिश्रण जळते तेव्हा त्याचा निम्म्याहून अधिक भाग वायू न होता घन राखेच्या रूपाने उरतो. हवेतला दमटपणा शोषून ही राख चिकट बनते आणि नळीच्या आत थर धरते. पहिली गोळी कशीबशी उतरते, पाचवी अडते, दहावीला शिपाई घामाघूम होतो. शत्रू अंगावर चालून येत असताना हातोडी ठोकत बसणार कोण? म्हणून अचूक मारा करणारी रायफल काही निवडक शिकाऱ्यांच्या आणि मोजक्या तुकड्यांच्या हाती राहिली. बाकीची फौज सैल गोळीवर आणि नशिबावर भिस्त ठेवून लढत आली.

नॉर्टन यांनी भेंडाची युक्ती शिशात उतरवली. त्यांनी गोलाकार गोळीचा पिढीजात आकार मोडला, लांबट, टोकदार गोळी घडवली आणि तिचे बूड पोकळ ठेवले. दारूचा भडका त्या पोकळीत शिरेल, मऊ शिसे बाहेर रेटेल आणि गोळी आपोआप आट्यांत रुतेल, असा त्यांचा हिशेब होता. हिशेब अचूक होता. पण लष्करी समितीला तो मानवला नाही. गोळी म्हणजे गोल, हा समज एवढा मुरलेला होता की लांबट गोळीकडे वळून पाहण्याचीही तयारी नव्हती. नॉर्टन यांची गोळी नाकारली गेली. दक्षिण भारतातल्या पाणथळीत उगवलेली कल्पना लंडनच्या दप्तरात जाऊन पडली.

तिला पुन्हा वाचा फोडली ती न्यूकॅसलच्या एका कारागिराने. विल्यम ग्रीनर हे बंदुका घडवणारे गृहस्थ. हाताने काम करणारे आणि आपल्या कामाबद्दल जाहीर मत मांडायला न कचरणारे. १८३५ मध्ये त्यांनी एक अंडाकृती गोळी बनवली, तिच्या बुडात भोक ठेवले आणि त्या भोकात गोल डोक्याची निमुळती खुंटी अर्धवट बसवली. बार उडताच खुंटी आत घुसायची आणि शिसे फुलवायची. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टाइनमथच्या किनाऱ्यावर ६०व्या रायफल पलटणीच्या शिपायांकडून चाचणी झाली. गोळ्या सैलपणे आत उतरल्या. हातोडी लागली नाही, धापा टाकाव्या लागल्या नाहीत. बार निघाले आणि गोळ्या आट्यांची पकड घेऊन गेल्या.

खरे तर शोधाची कथा इथेच संपायला हवी होती. समितीने मात्र ही गोळीही फेटाळली. कारण काय, तर ती दोन तुकड्यांची आहे! एकसंध नाही, जोडकामाची आहे, सबब सैन्यात चालणार नाही. कागदावर शेरा पडला आणि ग्रीनर यांची वीस वर्षे त्या शेऱ्याशी झगडण्यात गेली. प्रयोग फसला म्हणून शोध मागे पडल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. इथे प्रयोग डोळ्यांदेखत यशस्वी झाला होता, म्हणून ही हकिकत वाचताना मन अधिक खट्टू होते.

दरम्यान इंग्लिश खाडीच्या पलीकडे फ्रेंच अधिकारी त्याच कोड्याशी दुसऱ्या बाजूने झुंजत होते. अल्जीरियाच्या मोहिमेत त्यांच्या बंदुका तोकड्या पडत होत्या, दूरवरचा शत्रू टिपता येत नव्हता. त्या मोहिमेच्या आधीच, १८२६ मध्ये, पायदळातील अधिकारी आंरी-गुस्ताव देल्व्हीन्य यांनी नळीच्या तळाशी दारूसाठी अरुंद खोली केली. सैल गोळी त्या खोलीच्या काठावर टेकायची आणि वरून गजाचे दोन-चार घाव घातले की चपटी होऊन आट्यांत शिरायची. गोळी आट्यांत शिरे हे खरे, पण चेचलेली गोळी हवेत नीट उडेना. मग कर्नल थूव्हनँ यांनी नळीच्या तळाशी पोलादी खुंट उभा केला आणि त्यावर लांबट गोळी ठोकून फुगवण्याची सोय केली. मारा सुधारला. पण तो खुंट वाके, मोडे, आणि त्याच्याभोवती साचणारी राख काही केल्या निघेना. घाव घालणारा दमलेला असला की घाव हलका पडे आणि नेम चुके. गोळी फुगवण्याचे काम माणसाच्या मनगटावर सोपवणे हाच या साऱ्या प्रयत्नांतला मूळ दोष होता. भेंडाला कुणी घाव घालत नव्हते. ज्या फुंकरीने बाण सुटायचा, तीच फुंकर त्याला फुगवत होती.

हे वर्म कॅप्टन क्लोद-एतिएन मिनिए यांच्या हाती लागले. १८०४ मध्ये पॅरिसात जन्मलेला हा अधिकारी अल्जीरियातील लढायांत तावून सुलाखून निघालेला होता. १८४९ मध्ये त्यांनी लांबट गोळीच्या पोकळ बुडात लोखंडाची छोटीशी वाटी बसवली. चाप ओढला, दारू पेटली, हलकी वाटी जड गोळीच्या आधी पुढे धावली, पोकळीत घुसली आणि शिशाच्या कडा आट्यांत दाबल्या गेल्या. शिपायाने फक्त गोळी आत सोडायची, बाकीचे काम दारूने करायचे. सामान्य शिपायाच्या हाती शेकडो यार्डांवरचा नेम आला तो इथून.

ज्या ब्रिटिश सरकारने आपल्याच दोन माणसांना परत पाठवले होते, त्याने या फ्रेंच रचनेसाठी वीस हजार पौंड मोजले. ही वार्ता ऐकून ग्रीनर यांचे काय झाले असेल, ते सांगायला नको. त्यांनी जुनी कागदपत्रे बाहेर काढली, अर्जांवर अर्ज केले, टाइनमथच्या चाचणीचे पुरावे मांडले. अखेर १८५७ मध्ये सरकारने कबूल केले की फुगणाऱ्या गोळीचे तत्त्व १८३६ मध्ये प्रथम जाहीरपणे मांडले ते ग्रीनर यांनीच, आणि त्यांना एक हजार पौंड दिले. वीस हजारांपुढे एक हजार! पण त्या कबुलीचे मोल पौंडांत मोजण्यासारखे नव्हते.

मिनिए यांच्या गोळीतही खोट होती. कधी कधी ती लोखंडी वाटी इतक्या आवेगाने घुसे की गोळी फोडून पलीकडे जाई आणि शिशाचे कडे नळीतच अडकून राही. पुढचा बार भरणे मग अशक्यच. अमेरिकेत हार्पर्स फेरी इथल्या शस्त्रशाळेतील जेम्स बर्टन यांनी या वाटीविषयी मुळातलाच प्रश्न विचारला: ही हवीच कशाला? त्यांनी पोकळीच्या कडा पातळ केल्या, वाटी काढून टाकली आणि दारूच्या वायूलाच काम करू दिले. गोळी पूर्वीसारखीच फुगली. इंग्लंडमध्येही रेल्वेचे अभियंते विल्यम मेटफर्ड याच निष्कर्षाला पोचले होते. त्यांच्या सूचनेवरून बंदूकवाले प्रिचेट यांनी गोळी तयार केली आणि एक हजार पौंडांचे बक्षीस प्रिचेट यांना मिळाले. नॉर्टन यांनी पोकळ बुडाची, एकाच तुकड्याची गोळी सुचवली होती. तीस वर्षे खुंट्या, खुंट आणि वाट्या यांच्या आडरानांतून फिरून शोध पुन्हा तिथेच येऊन ठेपला.

त्या गोळीसाठी १८५३ ची एन्फील्ड रायफल सिद्ध झाली. तिचे काडतूस म्हणजे कागदाची सुरनळी. तिच्यात मोजून भरलेली दारू, टोकाशी गोळी, आणि गोळीभोवतीच्या कागदाला बाहेरून चरबी व मेण यांचा लेप. शिपायाने काडतुसाचे टोक दातांनी फाडायचे, दारू नळीत ओतायची, काडतूस उलटे करून लेप लावलेली गोळी कागदासकट नळीच्या तोंडाशी बसवायची, उरलेला कागद फाडून टाकायचा आणि गजाने गोळी खाली न्यायची. त्या लेपावाचून गत्यंतर नव्हते. दारूची चिकट राख मऊ राहावी आणि विसावी गोळीही पहिलीसारखी उतरावी, हे काम त्याचेच होते.

हेच काडतूस जानेवारी १८५७ मध्ये बंगालमध्ये दमदमला आले. जी कल्पना दक्षिणेतील एका बाणावरून निघाली होती, ती तीसएक वर्षांतल्या कारागिरीचे वळसे घेत भारतात परतली आणि परतताना सोबत वणवा घेऊन आली. दमदमच्या शस्त्रशाळेतील एका खलाशाने एका ब्राह्मण शिपायाकडे लोटाभर पाणी मागितले, त्याने सोवळ्याचे कारण सांगून नकार दिला, तेव्हा खलाशी म्हणाला की गाईची आणि डुकराची चरबी लावलेली काडतुसे दातांनी फोडायची वेळ आली की तुझे सोवळे कुठे राहील? ही हकिकत अधिकाऱ्यांच्या पत्रव्यवहारात नोंदली गेली आणि तिच्या कितीतरी पट वेगाने छावण्याछावण्यांतून पसरली. २९ मार्चला बराकपूरच्या मैदानावर मंगल पांडे उभे राहिले. २४ एप्रिलला मीरतच्या घोडदळातील नव्वद स्वारांपुढे काडतुसे ठेवली गेली. ती जुन्याच पद्धतीची होती, पण विश्वास उडालेला होता. पंच्याऐंशी जणांनी हात लावला नाही. ९ मे रोजी भर कवायतीत त्यांच्या पायांत बेड्या ठोकल्या आणि दुसऱ्या दिवशी मीरत पेटले.

१८५७ च्या उठावाची कारणे काडतुसापेक्षा कितीतरी खोल होती: खालसा झालेली संस्थाने, बुडालेली वतने, दुखावलेला अभिमान. तरीही त्या काळचे बोलणे काडतुसापाशी येऊन थांबत असे. रायगड जिल्ह्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे तेव्हा दक्षिणा मिळवण्याच्या आशेने उत्तरेकडे निघाले होते आणि या वावटळीत सापडले. त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्येही वाटेत ऐकलेली काडतुसांची गोष्ट आहे. विल्यम मेटफर्ड यांची गाठ तर या वणव्याशी प्रत्यक्षच पडली. ईस्ट इंडियन रेल्वेच्या नोकरीवर ते मुंगेरला पोचले ते ऐन उठावाच्या तोंडावर. ज्यांच्या सूचनेतून एन्फील्डची गोळी घडली, त्यांनाच शहराच्या बचावाची बांधबंदिस्ती करण्यात गुंतावे लागले. त्या दगदगीने त्यांची प्रकृती ढासळली आणि वर्षभरात ते मायदेशी परतले.

एन्फील्डच्या गोळीचा दबदबा मात्र फार वर्षे टिकला नाही. तोंडाकडून भरायच्या बंदुकीचे दिवस भरत आले होते. १८६४ मध्ये प्रशियाच्या शिपायांनी डेन्मार्कविरुद्ध बुडाकडून भरायची सुईची बंदूक वापरली. तीत काडतूस मागून ठेवायचे, खटका बसवायचा आणि बार काढायचा. उभे राहायला नको, गज नको. आडवे पडून, झाडोऱ्यामागे लपून शिपाई गोळ्या झाडू लागला. लंडनमध्ये धावपळ उडाली. हजारो एन्फील्ड रायफली शस्त्रागारांत पडून होत्या. त्याच बुडाकडून भरता येतील अशा करून दाखवा, असे आवाहन बंदूककारांना झाले आणि जवळपास पन्नास जणांनी आपापल्या योजना पुढे ठेवल्या.

त्यांत निवड झाली ती जेकब स्नायडर यांची. हा मूळचा फिलाडेल्फियाचा मद्यव्यापारी. नळीचा मागचा तुकडा कापून तिथे उजवीकडे उघडणारे, बिजागरीचे झाकण बसवायचे अशी त्यांची योजना होती. झाकण उघडा, काडतूस सरकवा, झाकण मिटा. मिनिटाला तीनऐवजी दहा गोळ्या! १८६६ मध्ये स्नायडर रायफल ब्रिटिश सैन्यात दाखल झाली. पण खर्चाच्या आणि मोबदल्याच्या मागण्या सरकारदरबारी भिजत पडल्या होत्या, कर्ज वाढत होते, शरीर खंगत होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, आपल्या नावाची रायफल हजारोंनी तयार होत असताना, जेकब स्नायडर यांनी विपन्नावस्थेत डोळे मिटले.

त्यांच्या रायफलीपुढे जुनेच भूत नव्या रूपात उभे ठाकले होते. आधी वायू गोळीच्या कडेने पुढे निसटत असे, आता तो बुडाच्या फटींतून मागे निसटू लागला. मागे असतो तो शिपायाचा चेहरा. प्रशियाची सुईची बंदूकही या दोषातून सुटलेली नव्हती. बुडाकडून भरण्याच्या कल्पना शतकानुशतके येत होत्या आणि याच फटींतून वाहून जात होत्या. स्नायडरच्या सुरुवातीच्या काडतुसांचे कवच कागद आणि पुठ्ठ्याचे होते. नेम एन्फील्डपेक्षा वाईट लागे, कवच दगा देई. रायफल होती, पण तिला शोभेल असे काडतूस नव्हते.

हे काम वुलिचच्या रॉयल लॅबोरेटरीचे प्रमुख कर्नल एडवर्ड मूनिए बॉक्सर यांच्याकडे आले. बॉक्सर तोफखान्यातले अधिकारी. दारू, फ्यूज, तोफगोळे यांतच त्यांचे आयुष्य गेलेले. धातूचे काडतूस त्यांनी पहिल्यांदा केले असे नाही. फ्रान्स आणि अमेरिकेत तशी काडतुसे आधीपासून निघत होती. पण मोठ्या गोळीचा, भरपूर दारूचा झटका सोसणारे, हजारोंनी बनवता येणारे आणि ओबडधोबड रायफलीतही बसणारे काडतूस हवे होते. त्या काळच्या कारखान्यांना धातूची अशी लांब, सलग नळी एकसारखी ओढून काढणे सोपे नव्हते. जाड धातू घ्यावा तर तो फुगत नाही आणि फटी उघड्या राहतात. पातळ घ्यावा तर फाटतो.

बॉक्सर यांनी धातूची नळी केलीच नाही. त्यांनी कागदासारखा पातळ पितळी पत्रा घेतला आणि त्याची गुंडाळी केली, आपण पंचांगाची जुनी गुंडाळी करीत असू तशी. बुडाशी लोखंडी चकती जडवली, तिच्या मध्यावर ठिणगीची टोपी बसवली आणि वरून कागदाचे वेष्टन दिले. चाप ओढला की दारू पेटे, दाब वाढे आणि गुंडाळी उलगडू पाही. उलगडताना ती कोठडीच्या भिंतीला चहूबाजूंनी घट्ट बसे आणि वायूला मागे यायला वाटच उरत नसे. गोळी निघून गेली की दाब ओसरे, गुंडाळी पुन्हा आखडे आणि काडतूस सैल होऊन बाहेर येई.

आत जाताना सैल, बार होताना घट्ट, बाहेर येताना पुन्हा सैल. ज्या युक्तीने भेंड बाणामागची हवा अडवत होते, त्याच युक्तीने पितळ आता शिपायाच्या चेहऱ्याकडे धावणारी ज्वाला अडवू लागले. एवढेच नाही. बॉक्सर यांच्या गोळीच्या पोकळ बुडात भाजलेल्या मातीची खुंटी होती आणि ती शिशाला आट्यांत दाबत होती. म्हणजे ग्रीनर यांची खुंटीही त्याच काडतुसात पुन्हा जिवंत झाली होती. गोळी पुढच्या बाजूने वायू अडवी, कवच मागच्या बाजूने. स्नायडर रायफलीचा नेम सुधारला. इतका की बदललेली एन्फील्ड मूळ एन्फील्डपेक्षा सरस ठरली.

तिची पहिली मोठी लढाई मुंबईच्या वाटेने झाली. अॅबिसिनियाचा सम्राट टेवोड्रॉस याने युरोपीय कैदी धरून ठेवले होते. त्यांच्या सुटकेसाठी मुंबई फौजेचे सरसेनापती सर रॉबर्ट नेपियर यांची मोहीम निघाली. मुंबई बंदरातून शिपाई, खेचरे, तोफा आणि चव्वेचाळीस हत्ती समुद्रापार नेले गेले. १० एप्रिल १८६८ रोजी मगडालाच्या वाटेवर आरोगी इथे डोंगरावरून हजारो योद्धे उतरले. गोऱ्या पलटणींच्या हाती स्नायडर रायफली होत्या. मारा थांबला तेव्हा सुमारे सातशे अॅबिसिनियन मरून पडले होते आणि हल्ला परतवणाऱ्यांतले वीसेक जण जखमी झाले होते. शोधाचे कौतुक करणाऱ्या लेखणीला इथे क्षणभर थांबावे लागते. त्याच रणांगणावर हिंदी शिपाईही लढत होते, पण त्यांच्या हातांत अजून ठासणीच्या बंदुका होत्या. १८५७ चा धडा सरकार विसरलेले नव्हते. नवे हत्यार हिंदी पलटणींच्या हाती उशिरानेच आले.

पुढच्याच वर्षी, १८६९ मध्ये, पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. ज्या परिसरात ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशव्यांची फौज इंग्रजांशी भिडली होती, तिथेच काडतुसांचे काम सुरू झाले. तो कारखाना आजही चालू आहे आणि त्याच्या भोंग्यावर खडकीतल्या कित्येक पिढ्यांचे दिवस मोजले गेले आहेत.

बॉक्सर यांच्या गुंडाळीलाही पुढे दैवगतीने गाठले. मार्टिनी-हेन्री रायफलीत तिचेच लांबट, बुधल्यासारखे रूप वापरले गेले. सुदानच्या वाळूत, तापलेल्या नळीत ती पातळ गुंडाळी अडकू लागली. जानेवारी १८८५ मध्ये अबू क्लेआच्या लढाईत शिपाई अडकलेली काडतुसे उपसत असतानाच शत्रू त्यांचा चौकोनी व्यूह फोडून आत घुसला. तोवर सलग पितळी कवच ओढून काढण्याची कला यंत्रांना साधली होती. गुंडाळी इतिहासजमा झाली. बॉक्सर यांच्या काडतुसाची ठिणगीची टोपी मात्र टिकली. मौजेची बाब अशी की या इंग्रज अधिकाऱ्याची टोपी आज अमेरिकेत घरोघरी वापरली जाते, तर अमेरिकन कर्नल हायरम बर्डन यांच्या टोपीने युरोपात जम बसवला.

२००३ मध्ये काठमांडूच्या लगन सिलेखानातून, एका जुन्या राजवाड्यातून, हजारो जुन्या बंदुका बाहेर निघाल्या. धुळीने आणि घट्ट झालेल्या ग्रीसने माखलेल्या स्नायडर आणि मार्टिनी रायफली त्यांत होत्या. अमेरिकन व्यापाऱ्यांनी त्या विकत घेतल्या आणि जगभरच्या हौशी नेमबाजांच्या हाती त्या पोचल्या. रायफल आली, पण काडतूस कुठून आणायचे? तो माल तर केव्हाच बंद झालेला. मग ही मंडळी २४ बोअरच्या पितळी छर्‍याच्या काडतुसाची पोकळ नळी घेऊन ती कापू लागली, घासू लागली, जुन्या कोठडीला बेतू लागली. शिसे वितळवून गोळ्या ओतू लागली. तीच सोरा-गंधक-कोळशाची दारू, मेण आणि चरबीचा तोच लेप.

पहिले प्रयत्न बहुतेकांचे फसतात. दीडशे वर्षांच्या झिजेने आणि हातकामाच्या फरकाने प्रत्येक नळीचे पोट वेगळे असते. बरोबर मापाची म्हणून ओतलेली भरीव गोळी सैल पडते, आटे तिला धरत नाहीत, आणि लक्ष्याच्या कागदावर गोल भोकाऐवजी आडव्या गोळीचा लांबट फाटका ठसा उमटतो. माणूस दारू बदलतो, लेप बदलतो, हात घट्ट धरतो, काही उपयोग होत नाही. मग कुणीतरी बुडाशी पोकळी असलेला साचा आणतो आणि मऊ शिसे ओततो. बार निघतो, पांढरा धूर हळूहळू विरतो, आणि दूरच्या कागदावर स्वच्छ, गोल भोक दिसते.

त्यानंतर अनुभवी माणूस लक्ष्याकडे न जाता आधी झाकण उघडतो आणि कोमट काडतूस बाहेर काढून उजेडाकडे धरतो. काजळी कवचाच्या अंगावरून बुडापर्यंत उतरली असेल, तर पितळ फुगायला चुकले आणि वायू मागे आला. काजळीची काळी रेघ तोंडाशीच थांबली असेल, तर पितळ वेळेवर फुगले. रेघ तोंडाशी थांबलेली असते. तो काडतूस फुंकरीने साफ करतो आणि पुन्हा भरण्यासाठी खिशात टाकतो.